पैनगंगेकांठून समुद्राच्या तळाशीं

ढाणकी हें आमचें गांव यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यांत पैनगंगेच्या अंगाला वसलेलें आहे. येथून जवळांत जवळचा समुद्र सुमारें पांचशें किलोमीटरांवर. काळ्या जमिनींत कापूस, सोयाबीन, ऊंस, हळद पिकवावी, आणि पाण्याशीं संबंध यावा तो विहिरीचा, कालव्याचा, किंवा पावसाळ्यांत घटकाभर चढून ओसरणाऱ्या नाल्याचा, अशी येथील रहाटी. अशा गांवांत जन्मून, पोहण्याचा एक हातहि न मारतां, वयाच्या छपन्नाव्या वर्षीं आम्ही पाठीवर हवेचें नळकांडें बांधून मालवणच्या समुद्रांत उतरलों. हें ऐकून शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, तुम्हांला घरीं कांहीं काम नव्हतें काय?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्यांना ओट्यावर बसून देतां आलें नाहीं, म्हणून येथें देतों.

आमच्या घरांत खोल पाण्यास बंदी होती, आणि ती कांहीं शास्त्राधारावर नव्हती. आम्ही आठ वर्षांचे असतांना श्रावणांतील एका दुपारीं आमचे थोरले बंधु सोबत्यांबरोबर पैनगंगेवर गेले. त्यांचें वय तेरा. ते उत्तम पोहत; गांवच्या विहिरींत थारोळ्यावरून सूर मारण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नदीला पूर असा नव्हता, पाणी मात्र गढूळ होतें. एका डोहांत त्यांनीं सूर मारला आणि ते वर आले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खालच्या अंगाला सांपडले. मातोश्रींनीं त्यानंतर नदीवर पाऊल ठेवलें नाहीं. पर्वकाळीं गांवच्या बायका स्नानास निघाल्या म्हणजे त्या खण-नारळ दुसरीच्या हातीं देत आणि आपण देवघरांत बसत. आम्हांला पोहावयास शिकविण्याचा प्रश्न मग उद्भवलाच नाहीं. इतर मुलें उन्हाळ्यांत पाठीस सुके भोपळे बांधून विहिरींत धडपडत, आणि आम्ही कांठावरच्या निंबाखालीं त्यांचे कपडे सांभाळीत बसत असूं.

बंधु गेले याचें दुःख घरांत होतेंच. पण आम्हांला रात्रीं जें छळी तें थोडें निराळें होतें. ते खालीं गेले ते कोठें गेले? तेथें त्यांना काय दिसलें असेल? हा प्रश्न कोणास विचारण्यासारखा नव्हता. पुढें आम्ही शाळामास्तर झालों, द्रवाच्या दाबाचे नियम मुलांना फळ्यावर समजावून देऊं लागलों, तरी तो प्रश्न होता तेथेंच राहिला.

आमची कन्या पुण्यास शिकते. तेथील तलावावर ती पोहावयास शिकली, हें तिनें आम्हांला सहा महिन्यांनीं आणि आजीला अद्यापहि सांगितलेलें नाहीं. गेल्या दिवाळींत ती घरीं आली असतां रात्रीं सर्व निजानीज झाल्यावर हळूच म्हणाली, "बाबा, नाताळांत मालवणला जाऊं. तेथें पाण्याखालीं नेतात. पोहतां आलें नाहीं तरी चालतें. बरोबरचा माणूस हात सोडीत नाहीं." आम्हीं वर्तमानपत्र चाळीत असल्याचें सोंग केलें. हो-ना करण्यांत चार दिवस गेले. शेवटीं आमच्या सौभाग्यवतींनींच निकाल दिला. त्या म्हणाल्या, "जायचें तर जाऊं. पण आईंना खोटें सांगायचें नाहीं." म्हणून मातोश्रींना आम्हीं "मालवणचा किल्ला पाहावयास जातों" एवढेंच सांगितलें. धर्मराजाचा रथ असल्या वाक्यानंतर चार अंगुळें खालीं आला, असें महाभारत सांगतें. आमची तर बैलगाडीहि नाहीं.

समुद्राविषयीं आमच्या समाजाचा इतिहास मौजेचा आहे. समुद्रयान हें कलिवर्ज्यांत गणलेलें. परदेशीं जाऊन आलेल्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस वैद्यक शिकावयास निघाल्या तेव्हां केवढा गहजब झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु हा सारा निषेध समुद्राच्या वरून जाण्याचा. खालीं जाण्याविषयीं कोणा निबंधकारानें कांहीं लिहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आमच्याकडून मुंबईची गाडी धरावयाची म्हणजे हिमायतनगरचें स्टेशन गांठावें लागतें, आणि तेथें जावयास प्रथम पैनगंगाच ओलांडावी लागते. मार्गशीर्षांतील नदी ती; पुलाखालीं पाणी थोडें आणि नितळ होतें. सौभाग्यवतींनीं खिडकींतून एक नाणें टाकलें. आम्हीं नेहमींप्रमाणें दुसऱ्या बाजूला पाहिलें. मुंबईहून १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेनें कुडाळास उतरलों व तेथून मोटारीनें तासाभरांत मालवण. प्रवासवर्णन येथेंच आटोपतों; ज्यांना बोगदे मोजावयाचे असतील त्यांनीं स्वतः जाऊन मोजावे.

सांगितल्याप्रमाणें पहिल्या दिवशीं किल्ला पाहिला. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं या सिंधुदुर्गाचा पाया घातला. चोहोंबाजूंनीं खारें पाणी, आणि आंत गोड पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव व साखरबाव. आम्ही वऱ्हाडचीं माणसें तटाबुरुजांपेक्षां त्या विहिरींपाशींच अधिक रेंगाळलों. दूधबावेच्या कांठावर वांकून आम्हीं तळ दिसतो का पाहिलें. तळ दिसला नाहीं. कन्या म्हणाली, "बाबा, उद्यां दिसेल."

आतां ज्या यंत्राच्या भरंवशावर आम्ही आमचा जीव टांगणार होतों त्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मनुष्य पाण्याखालीं पूर्वींपासून जात आला आहे. मोत्यांसाठीं बुडी घेणारे पाणबुडे नुसत्या छातीच्या बळावर जात. एकोणिसाव्या शतकांत तांब्या-पितळेचें शिरस्त्राण घालून, वरून पंपानें हवा घेत काम करण्याची सोय झाली. पण असा पाणबुडा म्हणजे दावणीचा बैल, दोर व नळी पुरेल तेवढेंच त्याचें जग. ही दावण तुटली ती १९४३ सालीं. फ्रेंच नौदलांतील अधिकारी जाक कूस्तो आणि एमिल गान्यां नांवाचे एक इंजिनियर, या दोघांनीं मिळून असें उपकरण केलें कीं, पाठीवरील नळकांड्यांत दाबून भरलेली हवा पाणबुड्यास हवी तेव्हां, हवी तेवढी, आणि भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबानें मिळावी. युद्धामुळें फ्रान्समध्यें पेट्रोलचा दुष्काळ होता व मोटारी गॅसवर चालवीत. त्या गॅससाठीं गान्यां यांनीं जी झडप योजिली होती तिचेंच हें रूपांतर. मोटारीची गरज पाण्याखालच्या श्वासाच्या उपयोगीं पडली. स्वतःची हवा स्वतःबरोबर वाहून नेणाऱ्या अशा साधनास इंग्रजी आद्याक्षरें जुळवून 'स्कूबा' म्हणतात. मालवणांत कांहीं होड्यांवर नळकांडें होडींतच ठेवून लांब नळीनें हवा देतात व त्यासहि स्कूबाच म्हणतात. काटेकोर अर्थानें तें स्कूबा नव्हे, पण खालीं गेलेल्या मनुष्यास शब्दाची चिकित्सा करण्याची सवड नसते. आमच्या होडींत नळकांडें पाठीवरच बांधीत. अकरा-बारा लिटर पाणी मावेल एवढ्याशा त्या भांड्यांत सुमारें दोन हजार लिटर हवा कोंबलेली असते. आपल्याकडे या विद्येचा एक मोठा उपयोग द्वारकेस झाला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीनें डॉ. एस. आर. राव यांनीं १९८३ पासून तेथें समुद्रांत जें संशोधन केलें, तें पाणबुड्यांवांचून झालें नसतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं एका खोलींत आमच्यापुढें एक छापील कागद आला. दमा आहे काय, हृदयाचा विकार आहे काय, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, असे प्रश्न होते. सौभाग्यवतींचा उजवा कान दोन वर्षांपूर्वीं फुटला होता. त्यांनीं तसें लिहिलें, आणि त्यांना होडींतच बसावयास सांगितलें. त्या मनांतून रुष्ट झाल्या असाव्या, पण वरकरणीं म्हणाल्या, "बरें झालें, चष्मा सांभाळायला कोणी तरी हवेंच." पोहतां येतें काय, या प्रश्नासमोर आम्हीं 'नाहीं' लिहिलें. त्याबद्दल कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

शिकविणारा तरुण मालवणचाच, गाबीत समाजांतला. त्याचे आजोबा किनाऱ्यावरून रापण ओढीत. वडिलांची होडी होती. हा स्वतः तारकर्लीस पर्यटन महामंडळाच्या केंद्रांत पाणबुड्याचें शिक्षण घेऊन आलेला. वय पंचवीसाच्या आंतच. शिकविण्याची त्याची हातोटी पाहून आम्हांला, तीस वर्षें खडू झिजवलेल्या माणसाला, हेवा वाटला. त्यानें तीनच गोष्टी सांगितल्या, पण प्रत्येक गोष्ट आमच्याकडून म्हणवून व करवून घेतली.

पहिली कानाची. पाण्यांत दर दहा मीटरांस, म्हणजे सुमारें तेहतीस फुटांस, एका वातावरणाएवढा दाब वाढतो. कानाच्या पडद्यावर तो बाहेरून पडतो, आंतली हवा मात्र पूर्वींच्याच दाबाची. म्हणून नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकावयाचें, म्हणजे घशाकडून कानांत हवा जाऊन दोन्ही बाजू समान होतात. सतराव्या-अठराव्या शतकांतील वालसाल्वा नांवाच्या इटालियन शारीरशास्त्रज्ञाच्या नांवानें ही युक्ति ओळखतात. दुखूं लागण्यापूर्वींच ती करावी. दुखूं लागल्यावर जोर करूं नये, थोडें वर यावें.

दुसरी गोष्ट खुणांची. तर्जनी व अंगठा जुळवून केलेलें वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा उभा केला कीं त्याचा अर्थ 'शाबास' असा नसून 'वर चला' असा. हें आम्हीं तीनदां घोकलें. घोकलेलें किती टिकतें तें पुढें येईलच.

तिसरी गोष्ट सांगतांना मात्र त्याचा आवाज बदलला. तो म्हणाला, "काका, काय वाटेल तें विसरा, पण श्वास कोंडून धरूं नका. कधींच नाहीं." आम्हांला आश्चर्य वाटलें. पाण्यांत शिरतांना श्वास रोखावा, हें तर पोहतां न येणाऱ्यालाहि ठाऊक असतें. शिवाय आमची मुंज आठव्या वर्षीं झाली. तेव्हांपासून संध्येंत पूरक, कुंभक, रेचक हा क्रम अंगवळणीं पडलेला, आणि त्यांतहि कुंभक जितका दीर्घ तितकी साधना श्रेष्ठ, असें वडिलांनीं शिकविलेलें. येथें कुंभक वर्ज्य! पण कारण ऐकल्यावर आम्हांला स्वतःचीच लाज वाटली, कारण तें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें होतें. दाब वाढला कीं वायूचें आकारमान त्या प्रमाणांत घटतें, दाब कमी झाला कीं वाढतें. रॉबर्ट बॉइल यांनीं १६६२ सालीं हा नियम प्रसिद्ध केला. दहा मीटरांवर दाब दोन वातावरणांचा. तेथें छाती भरून घेतलेली हवा कोंडून कोणी वर आला तर पृष्ठभागीं तिला दुप्पट जागा हवी असते. वीस फुटांवरून आला तरी दीडपटीहून अधिक. एवढी जागा फुप्फुसांत नसते, आणि तें फाटूं शकतें. नुसत्या छातीनें बुडी घेणाऱ्याला हें भय नाहीं, कारण त्याची हवा वरूनच नेलेली; ती वर आल्यावर मूळ आकारास येते एवढेंच. खालीं हवा घेणाऱ्यानें मात्र घेत राहावें आणि सोडीत राहावें. नियम आम्हांला पाठ होता. तो आपल्याच बरगड्यांच्या आंत लागू आहे, हें प्रथमच उमगलें.

होडी किल्ल्याच्या मागच्या अंगाला, खडकांच्या आडोशास नांगरली. पाणी हिरवें, थंडी बेताची. अंगांत तो घट्ट काळा पोशाख, कमरेस शिशाचीं वजनें, डोळ्यांवर व नाकावर कांचेचा मुखवटा: आरशांत पाहिलें असतें तर आमचे विद्यार्थी महिनाभर हंसले असते. कन्या अगोदर उतरली व दहा मिनिटांनीं वर येऊन कांहीं तरी भराभर सांगूं लागली. त्यांतलें आम्हांला एक अक्षर ऐकूं आलें नाहीं. मग आमची पाळी. शिडीच्या पायऱ्या पांच होत्या. चौथीवर आम्ही थांबलों. त्या तरुणानें खालून पाहिलें आणि आपल्या भाषेंत म्हणाला, "काका, भियाव नकात."

पाण्यांत मान घातली. रबराची नळी दांतांत धरून श्वास घेतला तों हवा आली! कोरडी, बेचव, भात्यासारखा आवाज करीत येणारी, पण हवाच. चार-सहा श्वास असे घेतल्यावर त्यानें खालीं नेलें. पांच-सात फुटांवरच कानांत सणक आली. पहिल्या तेहतीस फुटांत दाब एकदम दुप्पट होतो, त्यामुळें कानाचा जाच उथळ पाण्यांतच अधिक. नाक धरून फुंकलें. कानांत 'पट्' असें झालें व दुखणें गेलें. इतक्यांत मुखवट्याच्या कडेनें थोडें पाणी आंत शिरलें. चमचाभरच असेल. पण तें खारें पाणी डोळ्यांस लागलें मात्र, आणि आमचें सर्व शिक्षण धुऊन निघालें. आम्हीं श्वास कोंडला. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढें जें आलें तें मालवणचें पाणी नव्हतें. तें गढूळ होतें.

छातीवर कोणीं तरी दोन बोटांनीं टकटक केली. डोळे उघडले. तो तरुण अगदीं तोंडासमोर होता. त्यानें आपल्या तोंडापाशीं हात नेऊन पुढें नेला, आणि त्याच्या तोंडांतून बुडबुड्यांची माळ वर गेली. पुन्हां तसेंच. सोडा, सोडा, असें तो सांगत होता. आम्हीं सोडला. मग तो श्वास आपोआप परत आला. बरें वाटलें, आणि तें त्याला कळावें म्हणून आम्हीं कृतज्ञतेनें अंगठा उभा केला.

क्षणार्धांत आम्ही पाण्याच्या वर होतों. "काय झालें?" सौभाग्यवती जवळजवळ किंचाळल्या. तो तरुण म्हणाला, "काकांनीं वर चला म्हणून सांगितलें." कन्या हंसून हंसून कठड्याला टेकली. ढाणकीस परतल्यावर ही गोष्ट तिनें सांगितली नाहीं असें एकहि घर उरलेलें नाहीं.

आम्हांला तेवढ्यावर होडींत चढतां आलें असतें. कोणीं नांवें ठेवलीं नसतीं. पण आम्हीं त्या तरुणाला विचारलें, "तूं रोज खालीं जातोस, तुझ्या आईला काय वाटतें?" तो म्हणाला, "आई किनाऱ्यावर येत नाहीं, काका. मी घरीं गेलों कीं चहा ठेवते." आम्हीं मुखवटा पुन्हां बसवून घेतला.

दुसऱ्या खेपेस आम्हीं डोळे मिटले नाहींत. पूरक आणि रेचक, मध्यें कांहीं नाहीं. मोजावयास अंक आठवेनात, म्हणून जो मंत्र लहानपणापासून श्वासाबरोबर येतो तोच मनांत चालूं ठेवला, फक्त थांबण्याची जागा गाळून. कानांत एकदां, दोनदां 'पट्' झालें, आणि पायाला वाळू लागली.

समुद्राचा तळ! सुमारें वीस फूट. वाचकांनीं चित्रपटांत पाहिलेल्या निळ्या, आरपार स्वच्छ उष्णसागरांची येथें अपेक्षा करूं नये. मालवणचें पाणी हिरवट. आठ-दहा हातांपलीकडे सर्व अंधुक होत जातें. पण आमचा चष्मा वर राहिला होता, तेव्हां तसेंहि फार लांबचें दिसणार नव्हतें. आणि पाणी व कांच यांच्या योगानें प्रत्येक वस्तु पाऊणपट अंतरावर व सव्वापटीहून मोठी दिसते, त्यामुळें जवळचें होतें तें फारच जवळ आलें. काळ्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे पिंवळसर मासे, तळहाताएवढे, आमच्या बोटांमधून निर्भयपणें जात होते. खडकावर करड्या-तपकिरी रंगाचे गोळे दिसले. ते पोवळ्याचे, असें नंतर कळलें. मंगळासाठीं आंगठींत घालतात तें तांबडें पोवळें बहुतेक भूमध्यसमुद्रांतलें. त्याची आणि याची जात निराळी. तरीपण हे दगड नसून लहान लहान जीवांनीं बांधलेलीं घरें आहेत, आणि तीं वर्षाला एखादा सेंटिमीटर किंवा त्याहूनहि कमी वाढतात. मनगटाकडे पाहिलें तों देवाचा लाल दोरा मळकट करडा झालेला. पाणी तांबडा रंग सर्वांत आधीं शोषून घेतें. होडींचें यंत्र कोठें तरी घुरघुरत होतें, पण कोणत्या बाजूस तें सांगतां येईना, कारण पाण्यांत ध्वनि हवेच्या चौपटीहून अधिक वेगानें येतो व दोन्ही कानांना जणूं एकाच वेळीं गांठतो.

मग आम्हीं वर पाहिलें. कोणीं सांगितलें नव्हतें, आपणच पाहिलें. वर एक चकाकतें, हलतें छत होतें. त्यांत होडीचा तळ चिंचोक्यासारखा काळा दिसत होता, आणि आमचेच बुडबुडे मोठे मोठे होत त्या छताकडे चालले होते. बॉइलचा नियम डोळ्यांसमोर चालला होता, पण त्या वेळीं आमचें मन बॉइलपाशीं नव्हतें. अठ्ठेचाळीस वर्षें आम्ही एका जागेची कल्पना करीत आलों होतों, आणि त्या कल्पनेंत वर पाहण्याची गोष्ट कधीं आली नव्हती. आम्ही तेथें किती वेळ बसलों कोण जाणे. तो तरुण आमच्या कोपराला धरून मुकाट्यानें बसला होता. त्यानें खूण करून विचारलें. आम्हीं या वेळीं तर्जनी व अंगठा नीट जुळविला.

एक गोष्ट तेथें आवडली नाहीं, ती लिहितों. शेजारच्या एका होडीवरून कोणी पावाचे तुकडे टाकीत होतें, म्हणजे मासे गोळा होऊन छायाचित्र चांगलें निघावें. एक प्रवासी त्याच कामासाठीं पोवळ्याच्या गोळ्यावर उभा राहिला होता. हा सर्व प्रदेश १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. मच्छीमारांचा त्यास विरोध झाला, आणि पोटावर येणारा नियम कोणास गोड लागणार, हेंहि खरें. पण ज्यानें जन्मभर जाळें ओढलें त्याला नियम दाखवावा आणि दोन दिवसांच्या पाहुण्यानें शंभर वर्षांचें पोवळें टाचेखालीं चुरडावें, हा न्याय आम्हांला समजत नाहीं. पाव माशांचें अन्न नव्हे. ज्या कुटुंबांना तेथें जावयाचें असेल त्यांनीं ही गोष्ट अगोदरच होडीवाल्यास सांगावी. तसेंच, दमा, हृदयविकार किंवा कानाचें दुखणें असेल तर तें छापील कागदावर लपवूं नये. सर्दी झाली असतां उतरूं नये. आणि विमानानें परतावयाचें असेल तर मध्यें बारा ते अठरा तास जाऊं द्यावे. पावसाळ्यांत हें सर्व बंद असतें. दिवाळीनंतर पाणी निवळतें.

घरीं परतलों तों सायंकाळ झाली होती. मातोश्री देवघरापुढें बसल्या होत्या. पाया पडलों, त्यांनीं विचारलें, "किल्ला पाहिलास?" सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही त्यांच्यापाशीं खालीं बसलों आणि सर्व सांगितलें: शिडी, मुखवटा, चमचाभर पाणी, उभा केलेला अंगठा. अंगठ्याच्या गोष्टीला त्या हंसतील असें वाटलें होतें. त्या हंसल्या नाहींत, रागावल्याहि नाहींत. हातांतील माळ तशीच चालूं होती. बऱ्याच वेळानें म्हणाल्या,

"खालीं काळोख होता का रे?"

"नाहीं, आई. उजेड होता. वरून येत होता."

श्रावणांत पैनगंगेचें पाणी कसें असतें तें त्यांना ठाऊक होतें, आणि आम्हांलाहि. तें आम्ही बोललों नाहीं; त्यांनींहि विचारलें नाहीं. माळ पुरी झाल्यावर त्यांनीं ती डोळ्यांना लावून ठेवली, आणि मालवणची आमसुलें आणलीं आहेत काय, असें विचारलें. आणलीं होतीं. तीं दमट लागत आहेत, उद्यां उन्हांत घालावीं लागतील, असें म्हणून त्या पुडा घेऊन स्वयंपाकघरांत गेल्या.